हजारी दोनाच्या आड

एच. आय. व्ही.ची लागण देशातील प्रौढांत हजारी सुमारे २ आहे, एवढे वाचून निश्चिंत होणाऱ्यांना आम्ही सावध करू इच्छितो. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत हेच प्रमाण ट्रकचालकांत हजारी ८.६, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत १५.६ आणि सुईने मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांत ६२.६ आढळले. मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेल्या नाशिकने हे परक्यांचे दुखणे मानणे ही आत्मवंचना ठरेल. या माणसांनाही घरे आहेत, मुलेबाळे आहेत. सरकारी केंद्रांत औषधोपचार २००४ पासून मोफत मिळतो. २०१७ च्या कायद्याने भेदभावास बंदी आहे. परंतु तिरस्काराच्या भयाने जो तपासणीलाच येत नाही, त्याच्यापर्यंत औषध पोचणार कसे? त्यांच्याकडे बोट दाखविण्याचे सोडून त्यांना दवाखान्याची पायरी निर्भयपणे चढू देणे, यातच शहराचे हित आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.