भाकरी हेल्दी आहे हो, पण थापणार कोण?

सातारा-सांगलीकडून येऊन पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या आमच्या जनतेला सध्या एक नवीन आजार झालाय. डाएट! वजन वाढलं, रिपोर्टमध्ये शुगर बॉर्डरवर आली, की पहिला बळी जातो तो साध्या ब्रेडचा. इथपर्यंत ठीक. पण त्याच्या जागी येतं काय? ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन ब्रेड, वर गव्हाच्या ओंबीचं झकास चित्र. म्हणजे ब्रेडला पर्याय म्हणून दुसरा ब्रेड. च्यायला, दारू सोडली म्हणून बिअर सुरू करण्यातलाच हा प्रकार.

एकदा ते पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलंच नाव 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर', म्हणजे आपला मैदा, असेल तर बाकीची सात धान्यं निव्वळ पाहुणे कलाकार समजायची. खाली कॅरॅमल कलर दिसला, तर तो तपकिरी रंग कुठून आला हेही कळेल. बरं, खरोखर अख्ख्या गव्हाचा ब्रेड मिळाला तरी रक्तातली साखर चढवण्यात तो मागे नाही. २००८ च्या आंतरराष्ट्रीय ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यात पांढरा ब्रेड सरासरी ७५ आणि अख्ख्या गव्हाचा ७४! त्याच तक्त्यात चपाती आहे ५२ च्या आसपास. एका पॉईंटसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आता दुसरी पार्टी. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारी अचानक 'सुपरफूड' झाली. 'भाकरी खा, डायबेटिस पळवा' टाइप फॉरवर्ड तुम्हालाही आले असतीलच. मंडळी, हेही तितकंच थोतांड आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा. १०० ग्रॅम मैद्यात फायबर ३ ग्रॅमपेक्षा कमी, ज्वारीत साधारण १०, आणि चक्कीवरच्या गव्हाच्या पिठात ११ च्या वर. म्हणजे गहू ज्वारीच्या किंचित पुढेच! प्रोटीन तिन्हींत जवळपास सारखं. ग्लायसेमिक इंडेक्सच्या काही चाचण्यांत ज्वारीची भाकरी सत्तरीच्याही वर गेलेली आहे. ग्लूटेन नाही हे खरं, पण सिलिअॅकचा त्रास नसेल तर त्याचं एवढं कौतुक कशाला? तेव्हा शुगर असेल तर चार भाकरी चेपू नका. जमिनीवर या.

मग मी भाकरीची बाजू का घेतोय? साधं आहे. तिच्यात पीठ, पाणी आणि फार तर चिमूटभर मीठ. साखर नाही, तेल नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, आणि कोंडा काढलेला नाही. दुसरं म्हणजे भाकरी एकटी येत नाही. आपल्याकडे तिच्याबरोबर कोरड्यास लागतंच. मटकीची उसळ, मेथी, पिठलं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, वर वाटीभर ताक. ब्रेडबरोबर येतो जॅम. फरक धान्यापेक्षा जास्त ताटात आहे, आणि हाच मुद्दा सुपरफूडवाले सांगत नाहीत, कारण ताट पाकिटात भरून विकता येत नाही.

इथे खरी गोम आहे. ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे पीठ नुसत्या गार पाण्यात धड चिकटत नाही. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, मग स्टार्च फुलतो आणि पीठ धरून राहतं. दळण जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना फाटते. आणि मऊ भाकरी ब्रेडसारखी आठवडाभर टिकत नाही. सोलापूरकडची कडक भाकरी टिकते, पण ती चीज वेगळी. थोडक्यात, भाकरीला रोज कोणाचा तरी हात लागतो.

तो हात कोणाचा? आईचा, वहिनीचा, मेसच्या मावशींचा. 'आमच्या आजीच्या वेळचा आहार किती हेल्दी होता' म्हणून पोस्ट टाकणाऱ्या किती जणांना परातीत एक भाकरी थापता येते? आजी पहाटे उठून चुलीच्या धुरात पंधरा-वीस भाकऱ्या बडवायची, ते त्या पोस्टमध्ये कुठे असतं? बाईने कंटाळून ब्रेडचं पाकीट आणलं, तर तिला 'संस्कृती विसरली' म्हणायचा हक्क आयतं खाणाऱ्याला नाही.

तीच गोष्ट शेतकऱ्याची. माण, खटाव, जत, आटपाडी हा शाळूचा पट्टा. १९७२ च्या दुष्काळात इथल्या लोकांनी बाहेरून आलेली लाल मिलो खाल्ली. पुढे चपाती पाहुण्यांची आणि भाकरी गरिबाची, हे डोक्यात पक्कं बसलं. रेशनवरही गहू-तांदूळच आले. आता टेंभू, म्हैसाळ, ताकारीचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस, द्राक्षं, डाळिंब आलं. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये, आणि काढणी बहुतेक हातानेच. एवढ्यात त्याने ज्वारी का पेरावी? तुमच्या डाएटसाठी?

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ब्रेड सोडायचा तर सोडा, पण त्याच्या जागी दुसऱ्याची मेहनत गृहीत धरू नका. मित्रांनो, विशेषतः पोरांनो, भाकरी शिका. आठवड्यापुरतंच दळण आणा, पाणी उकळतं घ्या, पीठ भरपूर मळा, सुरुवातीला तळहाताएवढीच थापा. पहिल्या दहा नकाशे होतील, होऊ देत. तेही जमत नसेल तर थालीपीठ, ज्वारीची धिरडी, कण्या, आंबील, यातलं काही करा. नाहीच तर चक्कीच्या पिठाची चपाती लाटा, ती कुठल्याही मल्टिग्रेन ब्रेडला भारी आहे.

आणि हो, शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, ब्लॉग लिहिणाऱ्या इंजिनियरला नाही.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या. फक्त आधी एक भाकरी थापून बघा, मग बोलू!