टाळ्या कुणाला, बिल कुणाला?

जून आला की पुण्यात पावसाच्या आधी ऑफिसात इंद्रधनुष्य उगवतं. कंपनीच्या लोगोला सहा रंग फासले जातात, लिफ्टबाहेर फुगे लागतात आणि एच.आर.चा मेल येतो. यंदाचा मेल असा: शुक्रवारी दुपारी चार वाजता कॅफेटेरियात एका प्रसिद्ध स्टँडअप कॉमेडियनचा 'विविधता' या विषयावर कार्यक्रम. नंतर सामोसे.

मेल वाचला आणि माझं डोकं सणकलं. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

साल २००४. मी आणि माझा एक मित्र औंधला टू-बीएचके भाड्याने घेऊन राहायचो, रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचो. आदल्या वर्षी 'कल हो ना हो' येऊन गेला होता. त्यातली ती कांताबेन आठवतेय ना? दोन पुरुषांना एकत्र बघून जिला भोवळ यायची बाकी असते ती? झालं. दोन बॅचलर एका फ्लॅटमध्ये राहतात म्हटल्यावर आमच्या टीमला वर्षभराचा विनोद मिळाला. आम्ही बसमध्ये शेजारी बसलो की मागून कुणीतरी 'कांताबेन आली' ओरडायचं. मला त्याचा राग यायचा, पण रागापेक्षा भीती जास्त होती. आपल्यावर शिंतोडे नकोत म्हणून मी काय केलं, तर त्या विनोदांत सगळ्यात मोठ्याने हसलो. नंतर नंतर तर मीच ते करायला लागलो. मित्राची चाल, मित्राचा आवाज... नक्कल बरी जमायची मला. टाळ्या मिळायच्या.

मित्र काही बोलायचा नाही. त्याची नागपूरला एक मैत्रीण होती, पल्लवी. दर रविवारी तो गच्चीवर जाऊन तिच्याशी तासभर फोनवर बोलायचा. दोनेक वर्षांनी त्याने नोकरी बदलली, फ्लॅट सोडला. २०१२ साली एकदा भेटला आणि म्हणाला, "अरे, नागपूरला पल्लवी कधीच नव्हती." मग बाकीचं सांगितलं. मी काय बोलावं? मी म्हटलं, "सॉरी यार." तो म्हणाला, "नक्कल चांगली करायचास मात्र."

तर मंडळी, विनोद आणि समलिंगी माणसं हा माझ्यासाठी चर्चासत्राचा विषय नाही. मी त्या दुकानात काम केलेलं आहे.

आता मुद्द्यावर येतो. हल्ली असं एक समीकरण पक्कं झालंय की कॉमेडियन, नट, टॉक शोवाले ही मंडळी समाज बदलतात. त्यांनी एक एपिसोड केला, एक भाषण ठोकलं, एक ट्वीट केलं की लाखो लोकांची मनं बदलतात, मग कायदे बदलतात. ही गोष्ट अमेरिकेतून आली आणि आपण ती जशीच्या तशी डाउनलोड केली. माझं म्हणणं असं आहे की ही गोष्ट अर्धी खोटी आहे, आणि खोट्या अर्ध्या भागात कुणाचं तरी श्रेय चोरलं गेलंय.

आधी खरा अर्धा भाग. एलन डीजेनेरस. १९९७च्या एप्रिलमध्ये ती 'टाइम'च्या मुखपृष्ठावर 'हो, मी गे आहे' असं सांगत झळकली आणि ३० एप्रिलला तिच्या 'एलन' या विनोदी मालिकेतल्या पात्रानेही तेच सांगितलं. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी तो भाग पाहिला. क्रायस्लर, वेंडीज यांनी जाहिराती द्यायला नकार दिला, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक केंद्राने भाग दाखवलाच नाही. पुढच्याच वर्षी मालिका बंद पडली आणि बाई काही वर्षं जवळजवळ बेकार होती. त्या भागात नुसतं काम केलं म्हणून लॉरा डर्नलाही नंतर बरेच महिने काम मिळेना, असं तिने स्वतः सांगितलंय. याला म्हणतात किंमत मोजणं. इथे मी टोपी काढतो.

पण पुढे काय झालं? २००३ साली एलनचा टॉक शो सुरू झाला. नाच, भेटवस्तू, 'सगळ्यांशी प्रेमाने वागा'. २०२२पर्यंत चालला. खोटं कशाला बोला, २००८ साली जॉन मॅकेनना त्याच शोमध्ये समोर बसवून तिने लग्नाच्या हक्काबद्दल थेट विचारलं होतं. पण २०१९ साली ती फुटबॉलच्या मॅचला जॉर्ज बुशशेजारी हसत बसलेली दिसली आणि वर तिने प्रेक्षकांनाच समजावलं की वेगळ्या मतांच्या माणसांशीही मैत्री असू शकते. वेगळी मतं! अहो, पावभाजीत बटाटा किती घालावा याला वेगळं मत म्हणतात. बुश यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये समलिंगी विवाह रोखायला थेट घटनादुरुस्तीची मागणी केली होती, आणि त्याच नोव्हेंबरात ११ राज्यांनी एका दिवसात मतदान करून अशा विवाहांवर बंदी घातली. त्या राज्यांतल्या जोडप्यांना बुशशेजारची खुर्ची कुणी देऊ केली नव्हती. २०२० साली तर तिच्याच शोमधल्या कर्मचाऱ्यांनी तिथल्या वागणुकीबद्दल तक्रारी केल्या. 'प्रेमाने वागा' हे बहुधा कॅमेऱ्यापुरतं होतं.

आता खोटा अर्धा भाग. मे २०१२ मध्ये जो बायडेन (तेव्हा उपाध्यक्ष) टीव्हीवर म्हणाले की अमेरिकन जनतेला शिकवण्याचं सगळ्यात जास्त काम बहुधा 'विल अँड ग्रेस' या मालिकेने केलं. सगळे खूश. कॉमेडीवाले खूश, चॅनेलवाले खूश, राजकारणी तर फारच खूश. कारण टीव्हीने शिकवलं म्हटलं की १९९६ साली समलिंगी विवाहाला केंद्र सरकारची मान्यता नाकारणारा कायदा कुणी केला, हे कुणी विचारत नाही. त्यावर सही क्लिंटन यांची होती, आणि सिनेटर बायडेन यांनी बाजूने मत दिलं होतं.

जरा तारखा लावून बघा. 'विल अँड ग्रेस' १९९८ ते २००६ चालली, २००० साली तिला सर्वोत्तम विनोदी मालिकेचं एमी मिळालं. आणि ती ११ राज्यं? २००४. म्हणजे लोक रात्री मालिका बघून पोट धरून हसत होते आणि सकाळी जाऊन बंदीच्या बाजूने मत टाकत होते. दोन्ही सुखाने चाललं होतं. हसणं आणि हक्क देणं यांच्या वायरी वेगळ्या असतात हो.

मग तो कायदा मोडला कुणी? ही गोष्ट आपल्या जमातीची आहे म्हणून मुद्दाम सांगतो. एडिथ विंडसर नावाची एक प्रोग्रामर होती. १९५८ साली आयबीएमला लागली, १६ वर्षं तिथे काम करून सीनियर सिस्टिम्स प्रोग्रामर झाली. थिया स्पायर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईवर तिचं प्रेम. १९६७ साली दोघींनी साखरपुडा केला, पण अंगठी घातली नाही, हिऱ्यांचा ब्रोच घेतला. का? तर अंगठी दिसली की ऑफिसात विचारणार, 'मुलगा कोण?' ऑफिसात तिने सांगून ठेवलं होतं की आपलं थियाच्या भावाशी जमलंय. भावाचं नाव विली. आणि विली ही एडिथची लहानपणची बाहुली होती!

हे वाचलं तेव्हा मला नागपूरची पल्लवी आठवली. थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो.

चाळीस वर्षं वाट बघून दोघींनी २००७ मध्ये टोरांटोला जाऊन लग्न केलं. २००९ मध्ये थिया गेली आणि सरकारने एडिथला वारसा कराचं बिल पाठवलं, ३ लाख ६३ हजार डॉलर. नवरा-बायको असते तर शून्य. बाई कोर्टात गेली. २६ जून २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती ८४ वर्षांची होती. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ला, लग्नाचा हक्क सगळ्या राज्यांत आला. बिल तिच्या नावावर फाडलं होतं, आणि श्रेय एका मालिकेला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आणि हे फक्त 'बाजूने' बोलणाऱ्यांचं नाही. उलट्या बाजूचं दुकानही जोरात चालतं. डेव्ह शॅपेलचा 'द क्लोजर' ऑक्टोबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ट्रान्स लोकांवरच्या विनोदांवरून वाद पेटला. 'बघा, हा किती निर्भीड!' अशी हाकाटी झाली. २० ऑक्टोबरला नेटफ्लिक्सचेच काही कर्मचारी निषेध म्हणून काम सोडून बाहेर आले. ज्यांची नोकरी पणाला लागली होती ते निर्भीड की ज्याच्या पाठीशी अख्खी कंपनी उभी होती तो? शॅपेलला त्याच कार्यक्रमासाठी २०२३ मध्ये ग्रॅमी मिळालं. मुस्कटदाबी असावी तर अशी!

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, अशी म्हण आहे आपल्याकडे. आता सुपातल्यांनी तिकीटसुद्धा लावलंय.

आपल्याकडे वेगळं काय आहे? १८६० सालचं कलम ३७७, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. दिल्ली हायकोर्टाने २००९ साली सूट दिली, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर २०१३ला ती काढून घेतली. त्याच सुमारास हिंदी सिनेमाने काय केलं, तर 'दोस्ताना' (२००८): भाड्याच्या फ्लॅटसाठी गे असल्याचं नाटक करणारे दोन हिरो. मी औंधच्या फ्लॅटमध्ये जगलो त्याच्या बरोबर उलटी स्टोरी! मे २०१८ मध्ये आयआयटीच्या २० आजी-माजी विद्यार्थ्यांनी सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, तेव्हा ते कायद्याने गुन्हेगार होते. कॅम्पस इंटरव्ह्यू, आईवडील, गाव, सगळं समोर असताना स्वतःचं नाव कागदावर लिहिलं त्या पोरांनी. ६ सप्टेंबर २०१८ला निकाल लागला आणि त्या दिवशी साबणापासून टॅक्सीपर्यंत सगळ्यांचे लोगो रंगीत झाले. जिंकून झाल्यावर! १७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाच्या हक्काची याचिका फेटाळली गेली, त्या दिवशी माझ्या फोनवर एकही लोगो काळा झाला नाही.

माझा मित्र आणि त्याचा जोडीदार चौदा वर्षं एकत्र राहताहेत. मागच्या वर्षी जोडीदाराचं अपेंडिक्स फुटलं. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म आला: 'पेशंटशी नातं?' मित्राने लिहिलं, मावसभाऊ. "चौदा वर्षांनी मी परत पल्लवी केली बघ," असं म्हणाला मला.

हा लेख लिहिण्याआधी त्याला फोन केला आणि माझी सगळी थिअरी ऐकवली. वाटलं होतं शाबासकी देईल. तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे, पण एक सांगू? हॉस्टेलच्या लॅनवर मला एलनचा तो एपिसोड सापडला होता. इचलकरंजीहून आलेला मुलगा मी. दार लावून, हेडफोन घालून चार वेळा बघितला. तेव्हा तेवढं पुरलं रे मला."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मान्य. फक्त एक लक्षात घ्या. त्याने चार वेळा बघितला तो १९९७चा भाग होता, करिअर पणाला लावलेला. बुशशेजारच्या खुर्चीतली एलन त्याच्या काही कामाची नव्हती. म्हणून माझी चाचणी सोपी आहे: बोलणाऱ्याचं काय जाणार आहे? काही जाणार असेल तर उभं राहून टाळ्या वाजवा. काहीच जाणार नसेल, उलट मानधन मिळणार असेल, तर तो कार्यक्रम आहे. बघा, हसा, सामोसा खा, पण त्याला चळवळ म्हणू नका.

आणि चाचणी मलाही लागू आहे, नाहीतर उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून एच.आर.च्या मेलला उत्तर पाठवलं, 'रिप्लाय ऑल' करून: कॉमेडियनचं मानधन किती ते विचारत नाही, पण आपल्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये समलिंगी जोडीदाराचं नाव घालता येतं का? ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलंय की अशा जोडीदारांनी बँकेत जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. बँकेला चालतं, मग आपल्याला का नाही?

पाठवण्याआधी दहा मिनिटं बोट थांबलं होतं, हे कबूल करतो. आता सगळे माझ्याबद्दल काय म्हणतील, हा बसमधला जुना विचार वीस वर्षांनीही तिथेच होता.

कार्यक्रम झकास झाला म्हणे. शेवटी उभं राहून टाळ्या पडल्या. मी गेलो नाही. एक ज्युनियर मुलगा मात्र संध्याकाळी माझ्या डेस्कपाशी आला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "सर, मेडिक्लेमचं काही कळलं तर सांगाल?"

अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी परत विचारणार आहे.