मिलिटरी आणा! ...आणि मग?

"हे सगळं एकदा मिलिटरीच्या ताब्यात द्या, आठ दिवसांत सरळ होईल!"

हे वाक्य आमच्या होस्टेलवर दर पंधरा दिवसांनी ऐकू येतं. गेल्या महिन्यात ऐकलं तेव्हा पाणी नसल्याचा तिसरा दिवस होता. पलीकडे गंगापूर धरण, आणि अलीकडे गंगापूर रोडवर आम्ही टँकरपुढे बादल्या घेऊन उभे! नाशिकमध्ये तर हे वाक्य सुचायला वेळच लागत नाही. देवळालीचा तोफखाना जवळ, आणि सकाळी भोसलाची मुलं शिस्तीत पळताना दिसतात. ती पाहिली की मेसपासून महापालिकेपर्यंत सगळं त्यांच्याकडेच सोपवावंसं वाटतं.

पण माझा रूम पार्टनर नांदेडचा. तो म्हणाला, "आमच्याकडे दिलं होतं ना एकदा!"

मित्रांनो, इथल्या बहुतेकांना १७ सप्टेंबर म्हणजे एक साधी तारीख. मराठवाड्यातल्या पोरांना मात्र त्या दिवसाचं झेंडावंदन पाठ असतं. १९४८ मध्ये १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने हार मानली आणि दुसऱ्या दिवशी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. पुढे हेच आपले लष्करप्रमुख झाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाचही मराठी जिल्ह्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. पाच दिवसांत लढाई संपली, एवढंच आपण शाळेत शिकतो.

खरी परीक्षा त्यानंतरची. संस्थानाचं नाणं वेगळं, टपाल वेगळं, रेल्वे वेगळी, आणि कचेरीचे कागद उर्दूत. मोठ्या जहागिरींत तर वसुली, पोलीस आणि कोर्टसुद्धा जहागीरदाराचंच. तिथे रणगाडा उभा करून सातबारा निघतो का? चौधरींना हे लगेच कळलं असावं. कारभाराची मुलकी बाजू बखले या आय.सी.एस. अधिकाऱ्याकडे होती. मुंबई, मध्यप्रांत अशा शेजारच्या प्रांतांतून अधिकारी उसने आणून जिल्ह्याजिल्ह्यांत बसवले गेले. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी संपवण्याचा हुकूम निघाला. हुकूम लष्करी गव्हर्नरच्या राजवटीतला, पण जहागिरीतली गावं प्रत्यक्षात ताब्यात घेऊन त्यांची दप्तरं सांभाळायची, हे काम शेवटी महसूल खात्यातल्या माणसांचंच.

आणि एक गोष्ट आपण सांगत नाही. रझाकारांचे अत्याचार आपल्याला माहीत असतात, पण लढाई संपल्यावर काय झालं ते नसतं. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नंतरच्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांतली बहुतेक मुसलमान. सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. काही ठिकाणी गणवेशातली माणसंही सामील होती, असं अहवाल म्हणतो. तो कित्येक वर्षं दाबून ठेवला होता. म्हणजे मिलिटरी आली की सगळं आपोआप सरळ होतं, हे निदान आमच्या रूममध्ये तरी कोणी म्हणू नये.

उसन्या अधिकाऱ्यांचंही तसंच. काम चालू झालं हे खरं, पण बाहेरून आलेल्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या, हा राग साठत गेला आणि १९५२ मध्ये हैदराबादेत मुलकी आंदोलन पेटलं.

चौधरींच्या राजवटीचं एक मात्र मला आवडतं. १९४९ च्या अखेरीस ती संपली. कारभार वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याकडे गेला आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर लोकांनी निवडलेल्या सरकारकडे.

"एल्फिन्स्टनचा पूल विसरलास का?" असं कोणीतरी विचारणारच. नाही विसरलो. २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले, त्यानंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी नवा पादचारी पूल उभारला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. सॅल्यूट! पण पूल एकदा बांधायचा असतो. पाणी रोज सोडावं लागतं, क्लोरीन रोज टाकावं लागतं, कचरा रोज उचलावा लागतो. रोजच्या कामाला मोहीम काढून कसं चालेल?

अमेरिकन सैन्यात या कामाची वेगळी शाखाच आहे, सिव्हिल अफेअर्स. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली त्यांनी शार्लट्सव्हिलला त्यासाठी शाळा काढली. जिंकलेल्या गावात नळ, दवाखाना, कोर्ट चालू करायला त्यांनी वकील, डॉक्टर, इंजिनिअर अशा माणसांना गणवेश चढवला. आजही त्या शाखेतले बहुतेक जण राखीव दलातले, म्हणजे एरवी आपापली नोकरी करणारे. थोडक्यात काय, मिलिटरीलाही शेवटी नगरपालिकेचा इंजिनिअरच शोधावा लागतो!

आता आपल्या सिव्हिलच्या वर्गात बघा. नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेचं नाव कोण काढतं? निम्मी जनता कोडिंगच्या टेस्टची तयारी करतेय. (मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?)

त्या रात्री अकराला व्हॉल्व्हमन आला. कुठली लाईन कुठे जाते याचा नकाशा त्याच्या डोक्यात होता, कागदावर कुठेच नाही. वीस मिनिटांत पाणी आलं. "झाकण जड आहे, दोघं जण या," तो म्हणाला. नांदेडकर आणि मी गेलो. बाकीचे बादल्या भरत होते.