क्रूझवरचा काळा कोट आणि आपले पुरुष



मागच्या महिन्यात स्थानकात तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. सुट्टीत क्रूझला जायचंय, दोन रात्री ‘फॉर्मल डिनर’ असं तिकिटाबरोबरच्या कागदात लिहिलंय, तर घरच्या पुरुषांसाठी काय घ्यायचं? प्रश्न पुरुषांच्या कपड्यांचा, पण विचारतोय आपण, कारण बॅगा आपणच भरतो. आमचे हे तर आपला पांढरा शर्ट कुठल्या कप्प्यात असतो तेही अजून मला विचारतात. तेव्हा उत्तर आपणच द्यायला हवं. माझं उत्तर थोडं लांबलचक आहे, कारण एकदा माझं चुकलंय.

आम्ही घरचे नऊजण गेलो होतो. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी हट्टाने बेत केला. मे महिना, बार्सिलोनाहून निघून इटलीचा किनारा, सात रात्री. आमचे बाबूजी आयुष्यभर धोतर आणि पांढरा नेहरू शर्ट घालणारे. दुकानात तेच, लग्नात तेच, फक्त लग्नात वरून क्रीम रंगाचं जाकीट. पण ट्रॅव्हलवाल्याने ‘सूट किंवा टक्सिडो’ असं सांगितलं आणि आम्ही सगळे घाबरलो. मीच मेन रोडला जाऊन त्यांच्या मापाचा काळा तयार सूट आणला. टाय आणली. बूटही आणले, निदान चामड्याचे नाहीत एवढं मात्र पाहून. बाबूजी काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना चालतंय, असा आपण सोयीचा अर्थ काढतो.

पहिल्या फॉर्मल रात्री त्यांनी कोट चढवला, आरशात पाहिलं, टायची गाठ यांनी बांधून दिली. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “तुम्ही जा. मी माझा चौविहार इथेच करतो. खाखरा आहे, मेथीची चटणी आहे.” सासूबाईही त्यांच्याबरोबर थांबल्या. आम्ही मान डोलावली. धर्माचं कारण पुढे आलं की आपल्या घरात कुणी वाद घालत नाही. आम्ही सातजण गेलो, जेवलो, फोटो काढले. पावणेआठला डेकवर आलो तर सूर्य अजून चांगला कासराभर वर होता. तिथे मे अखेरीस नऊनंतर मावळतो. मी रेलिंगला धरून उभी राहिले आणि मनात हिशेब केला. सहाच्या पंगतीला बसून आम्ही सगळ्यांनीच सूर्यास्ताच्या कितीतरी आधी जेवण उरकलं होतं. मग बाबूजींना चौविहारासाठी खोलीत थांबायचं कारणच काय होतं?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, “त्यांना त्या कोटात लाज वाटली गं. म्हणाले, मी कुणा दुसऱ्यासारखा दिसतोय.” पन्नासाव्या वाढदिवसाची सफर, आणि ज्यांची सफर तेच खोलीत खाखरा खात बसले. कोट मी आणलेला.

नाशिकला परत आल्यावर मी ‘सत्याचे प्रयोग’ पुन्हा काढलं, कारण काहीतरी आठवत होतं. गांधीजी 4 सप्टेंबर 1888 ला मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले. जाण्याआधी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर त्यांनी मद्य, मांस आणि स्त्रीसंगापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा कुठे आईने परवानगी दिली. बोटीवर त्यांना काटे-चमचे धरता येत नव्हते, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची भीड वाटत होती. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. घरून नेलेली मिठाई आणि फळं यांवर खोलीतच बरेचसे दिवस काढले. कपड्यांचीही तीच गत. बोटीवर काळा सूट घातला आणि उतरताना शोभेल म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला. साउथहॅम्प्टनला सप्टेंबरअखेर उतरले तर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. सामान पुढे गेलेलं, दुसरा दिवस रविवार, बदलायची सोय नाही. पुढे लंडनमध्ये त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवून घेतला. आणि आपल्या नाशिककरांसाठी एक गोष्ट: 1891 मध्ये ते परतले तेव्हा जातीचा राग शांत करायला त्यांच्या भावाने त्यांना आधी नाशिकलाच आणलं, गोदावरीत स्नान घालायला. समुद्र ओलांडल्याचा दोष आपल्या नदीत धुतला गेला.

दुसरं उदाहरण आपल्याच समाजाचं. वीरचंद राघवजी गांधी 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्मावर बोलायला गेले. आत्मारामजी महाराजांना स्वतःला जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी यांना तयार करून पाठवलं. त्यांचे फोटो पाहा. डोक्यावर काठियावाडी पगडी, अंगावर शाल. माणूस बॅरिस्टरांच्या कोटात उभा राहू शकला असता. ऐकणाऱ्यांचं त्या पगडीमुळे काही अडलं नाही.

आता मुद्द्यावर येते. फॉर्मल डिनर म्हणजे कोट-टाय, हे समीकरण आपल्या डोक्यात कुणी घातलं? टक्सिडो हा शब्दच मुळी न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क नावाच्या वस्तीवरून आला. तिथल्या श्रीमंतांच्या क्लबात 1886 च्या सुमारास तो आखूड कोट रूढ झाला. म्हणजे तोही एका गावचा पोशाखच. क्रूझ कंपन्यांचे नियम नीट वाचले तर बऱ्याच ठिकाणी सवलत सापडते. कुनार्डसारखी जुन्या वळणाची, कपड्यांबाबत सगळ्यांत कडक समजली जाणारी कंपनीसुद्धा टक्सिडोच्या बरोबरीने आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो असं सांगते. स्कॉटलंडचे पुरुष घागऱ्यासारखा किल्ट घालून ऐटीत बसतात, मग आपल्या धोतराला काय झालं? आमच्या बोटीवर मी स्वागतकक्षात जाऊन विचारलं तेव्हा तिथल्या मुलीने “अर्थातच” एवढंच उत्तर दिलं. आम्ही नऊजणांनी नाशिकपासून बार्सिलोनापर्यंत हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. ट्रॅव्हलवाल्यालाही कुणी विचारलं नसेल.

तरी आपल्या देशातही हे सोपं नव्हतं, हे खरं. 2014 मध्ये चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना वेष्टी नेसली म्हणून अडवलं. त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने कायदा करून अशी बंदी बेकायदा ठरवली. तमिळ माणसाला वेष्टीचा अभिमान आहे, म्हणून कायदा झाला. आपण मात्र स्वतःच सासऱ्यांना कोट चढवतो.

काहीजणी म्हणतील, कशाला एवढा खटाटोप, बुफेत जेवा, तिथे कपड्यांचा नियम नसतो. बरोबर आहे, पण जैन जेवणासाठी बुफे अवघड. एकच पळी चार भांड्यांत फिरते, आणि केकमध्ये अंडं, पुडिंगमध्ये जिलेटिन आहे की नाही हे विचारायला माणूसही सापडत नाही. बुकिंगच्या वेळी ‘जैन जेवण’ असं लिहून घेतलं तर ते मुख्य डायनिंग हॉलमध्येच आपल्या टेबलावर येतं. नुसतं जैन म्हणून भागत नाही, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मशरूम, अंडं अशी यादी लेखी द्यावी. म्हणजे आपल्याला त्या हॉलमध्ये जावंच लागतं, कपड्यांचा प्रश्न टाळता येत नाही. पंगत नेहमी पहिली मागा. सिंगापूरहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे वर्षभर सूर्य सातच्या आसपासच मावळतो. साडेपाच-सहाची पंगत मिळाली तर घाईने का होईना चौविहार पाळता येतो, आठची मिळाली तर विषयच संपला.

आणि कपड्यांचं बंधन आपल्याला काही नवीन नाही. सामायिकाला पुरुष शिवलेले कपडे उतरवून धोतर-दुपट्टा घेतात, मुहपत्ती बांधतात. देरासरात पूजेला धोतियं आणि खेस लागतो. चामड्याचा पट्टा, चामड्याचं पाकीट बाहेर काढून ठेवतो. हे सगळं आपण न कुरकुरता करतो, कारण त्यामागचं कारण आपल्याला माहीत आहे. मग देवासमोर बाहेर ठेवलेला पट्टा जेवणाच्या टेबलावर कमरेला कसा? त्या पारंपरिक सूटमध्ये काय काय असतं तेही एकदा पाहा. टाय आणि बो रेशमाचे, एकेका टायमागे कितीतरी कोश उकळत्या पाण्यात गेलेले. चांगल्या शर्टाची बटणं शिंपल्याची, कोटाची कधी शिंगाची. महागड्या कोटाच्या छातीला आतून घोड्याच्या केसांचं कापड लावतात. बूट तर चामड्याचेच. लोकरीबाबत मी तितकी कडक नाही, आपल्या साधू-साध्वीजींचा रजोहरणही लोकरीचाच असतो. पण बाकीचं सगळं टाळता येण्यासारखं आहे, आणि टाळलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझं मत विचाराल तर तरुण मुलांसाठी सुती किंवा लिननचा जोधपुरी बंदगळा. त्याला टाय लागत नाही, रेशमाचा प्रश्नच मिटला. आपल्या सरकारी समारंभांतही तो औपचारिक पोशाख म्हणून चालतो, तेव्हा बोटीवरच्या हेडवेटरने नाक मुरडायचं कारण नाही. रंग काळा, गडद निळा किंवा तपकिरी. खाली साधी काळी पॅन्ट आणि चामडं नसलेले काळे बूट. जरीची शेरवानी मात्र नको, तो नवरदेवाचा पोशाख. फॉर्मल म्हणजे नीटनेटकं, झगमगाट नव्हे. मध्यमवयीन मंडळींना नेहरू शर्ट, चुडीदार किंवा पायजमा आणि वर बंद गळ्याचं जाकीट. कडक इस्त्री हवी, चुरगळलेला सुती कुर्ता खरंच गबाळा दिसतो. बोटीच्या खोलीत बहुधा इस्त्री वापरू देत नाहीत, म्हणून धुलाईसाठी एक दिवस आधी द्या. आणि वडीलधाऱ्यांना जे ते घरच्या लग्नात घालतात तेच घालू द्या. ज्याला सूटच आवडतो त्याने तो खुशाल घालावा, माझा सूटवर राग नाही. आमचे हे घालतात आणि त्यांना शोभतोही. फक्त टाय आता पॉलिस्टरची असते.

दुसऱ्या फॉर्मल रात्री बाबूजी धोतर, पांढरा नेहरू शर्ट आणि त्यांचं क्रीम जाकीट घालून आले. सगळ्यांनी वळून पाहिलं वगैरे काही झालं नाही. कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्यातच मला बरं वाटलं. आमचा वेटर गोव्याचा होता. तो “या काका, बसा” म्हणाला आणि त्यांची खुर्ची मागे ओढली. बाबूजींनी त्याला गावाचं नाव विचारलं आणि मग जेवण संपेपर्यंत दोघांच्या गप्पा चालल्या. कॅप्टनच्या स्वागताला सगळ्यांच्या हातात शॅम्पेनचे ग्लास होते, बाबूजींच्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा.

आता माझी फजितीही सांगते, नाहीतर माझी मुलगी खाली कॉमेंटमध्ये लिहील. त्याच रात्री मी येवल्याची पैठणी नेसले होते. लग्नातली, मोरांच्या पदराची. खोलीत परतल्यावर मी यांना रेशमी टायवरून ऐकवत होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “मम्मी, पप्पांच्या टायमधले कोश मोजतेस, तुझ्या पदरात किती आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहिंसा सिल्क म्हणून मिळतं, त्यात पतंग बाहेर पडल्यावर कोश घेतात, हे मला माहीत आहे. पण आईने दिलेली पैठणी ही पैठणी असते. तेव्हापासून नवीन रेशीम घेतलेलं नाही. जुनं कपाटात आहे, आणि ते नेसायचं की नाही हे माझं अजून ठरत नाही. तुम्ही काय करता ते जरूर कळवा.

दरम्यान नणंदेचा मुलगा डिसेंबरात सिंगापूरहून क्रूझला निघालाय. तिने सूटचा विषय काढताच मी तिला आमच्या शिंप्याकडे पाठवलं. लग्नसराईत तो तीन आठवडे घेतो, तेव्हा दिवाळीआधीच माप द्या. आणि बटणं शिंपल्याची नकोत, नारळाच्या करवंटीची किंवा धातूची लावा, हे त्याला दोनदा सांगा, कारण एकदा सांगितलेलं तो विसरतो.