मृद्गंध हरवतो तेव्हा

पहिल्या पावसाने माती भिजताच दरवळणारा मृद्गंध हा पुष्कळसा जिवाणूंचा वास असतो! मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातकुळीचे जिवाणू ‘जिओस्मिन’ नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि त्याचा अत्यल्प अंशही मानवी नाक टिपते. (क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन आम्हा डॉक्टरांना लाभले तेही याच जातकुळीतून.) या गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ साली दोन शास्त्रज्ञांनी दिले, कनौजचे अत्तरवाले मात्र त्याआधीपासूनच भाजलेल्या मातीचा अर्क चंदनतेलात उतरवीत आले आहेत.

गेल्या जूनमध्ये एक आजी मला म्हणाल्या, “डॉक्टर, यंदा पाऊस आला, पण वासच आला नाही.” सूनबाई हसल्या. विचारपूस केली तेव्हा कळले, की आठवड्यात दोनदा डाळ करपली होती आणि आजी शेजारीच बसल्या होत्या.

वयोमानाने घ्राणशक्ती इतकी हळूहळू मंदावते, की ज्याची त्यालाही ते उमगत नाही. कधी सायनसचा विकार, कधी नाकातील मांसवाढ, तर क्वचित कंपवाताची पूर्वसूचनाही त्यामागे असू शकते. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात उग्र दर्पाचे मर्कॅप्टन मिसळतात. अशा नाकाला तेही कळत नाही.

घरातील ज्येष्ठांना डोळे मिटून हिंग, लसूण, कॉफी ओळखायला सांगा. ओळखता न आल्यास डॉक्टरांना दाखवा. सिलिंडरच्या गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवाल, तर ते जमिनीलगत बसवा. हा वायू हवेहून जड असतो.