विश्लेषण : जुन्या गाडीत ई-२० पेट्रोल, घाबरायचे किती, जपायचे कसे?

जिंतूर रस्ता असो की गंगाखेड रस्ता, परभणीतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘गाडी दहा-बारा वर्षांची आहे, ॲव्हरेज कमी झाले, सकाळी सेल्फ घेत नाही. हे नव्या पेट्रोलमुळे तर नाही ना?’ मोबाइलवर येणारे व्हिडिओ एकीकडे ‘इंजिन संपले’ म्हणून घाबरवतात, तर दुसरीकडे सरकारी खुलासे ‘काहीही होत नाही’ म्हणून आश्वस्त करतात. खरे उत्तर या दोन्हींच्या मधे आहे. परभणीकराला ते समजून घेणे अधिक गरजेचे आहे, कारण राज्यात सर्वात महाग पेट्रोल मिळणाऱ्या जिल्ह्यांत परभणीचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर येथपर्यंत येतो आणि त्या वाहतुकीचा खर्च लिटरच्या दरात धरला जातो. जिथे लिटरच महाग, तिथे ॲव्हरेजमधला एक किलोमीटरही मोलाचा.

ई-२० म्हणजे नेमके काय?

८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल यांचे मिश्रण म्हणजे ई-२०. इथेनॉल हे एक प्रकारचे अल्कोहोल. उसाचा रस, मळी, मका किंवा तांदूळ यांच्यापासून ते तयार होते. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याची कल्पना नवी नाही. २००१ मध्ये देशात याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतील दोन ठिकाणे महाराष्ट्रातलीच होती, मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. तरी २०१४ पर्यंत प्रत्यक्ष प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळले होते.

नंतर वेग वाढला. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. २० टक्क्यांसाठी आधी २०३० हे वर्ष ठरले होते, ते अलीकडे ओढून २०२५-२६ करण्यात आले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरुत पंतप्रधानांच्या हस्ते ई-२० ची सुरुवात झाली, तेव्हा ते देशातल्या ८४ पंपांवरच मिळत होते. २०२५ मध्ये सरकारने २० टक्क्यांचा टप्पा गाठल्याचे जाहीर केले. म्हणजे अवघ्या अडीच वर्षांत ई-२० हे मोजक्या पंपांवरून नेहमीचे पेट्रोल झाले. अडचण येथेच आहे. पेट्रोल अडीच वर्षांत बदलले, पण लोकांच्या दारातल्या गाड्या अडीच वर्षांत बदलत नाहीत.

माझी गाडी ‘जुनी’ आहे का?

एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी ई-२० सोसतील असे रबरी, प्लास्टिकचे आणि धातूचे भाग वापरून गाड्या बाजारात आणल्या. एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही ई-२० साठी जुळवलेली असतात. त्याआधीच्या गाड्यांचे काय? नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात याचे उत्तर आहे. त्या वेळी देशात तयार होणाऱ्या दुचाकी आणि मोटारी पाच टक्के मिश्रणासाठी उत्तम जुळवलेल्या होत्या आणि त्यांचे रबरी व प्लास्टिकचे भाग दहा टक्क्यांपर्यंतचे मिश्रण सोसू शकतील असे होते, असे तो अहवाल सांगतो. म्हणजेच चार-पाच वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेली गाडीही या हिशेबात ‘जुनी’ ठरते. आपली गाडी कशात बसते, हे कळायला आरसी बुकावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचे स्टिकर आणि गाडीसोबत मिळालेली पुस्तिकाही पाहावी. तिथे ई-१० लिहिले असेल, तर गाडी त्या मर्यादेची समजावी.

ॲव्हरेज खरेच घटते का?

घटते. यात कोणाचा कट नाही, हा साधा हिशेब आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० च्या एका लिटरमध्ये सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के आणि दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट गृहीत धरली आहे. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत मात्र ही घट एक ते दोन टक्केच राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने घट ‘किरकोळ’ असल्याचे सांगितले. दहा आणि वीस टक्क्यांची तुलना केली, तर फरक निम्मा होतो हे खरे. पण जो किरकोळ फरक म्हणायचा, तो कोणाच्या खिशातून जातो हेही पाहिले पाहिजे.

समजा, एक मोटार लिटरला १६ किलोमीटर देते आणि वर्षाला १० हजार किलोमीटर धावते. तिला ६२५ लिटर पेट्रोल लागते. ॲव्हरेज सहा टक्क्यांनी घटले, तर साधारण ४० लिटर जास्त लागतील. लिटरला १०५ रुपये धरले तरी वर्षाचे ४,२०० रुपये होतात. घट तीन टक्केच धरली, तरी दोन हजार रुपये जातात. भाड्याने गाडी चालवणाऱ्याचे वर्षाचे फिरणे याच्या कितीतरी पट असते, आणि त्याच पटीने हा आकडा वाढतो.

आपल्या गाडीचे ॲव्हरेज वीस-पंचवीस टक्क्यांनी पडले असेल, तर मात्र दोष एकट्या इथेनॉलचा नाही. चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेले प्लग, कमी हवेचे टायर किंवा घासणारे ब्रेक यांच्याकडे आधी पाहावे. सगळे खापर पेट्रोलवर फोडले, तर खरा बिघाड तसाच राहतो.

इंजिनाला धोका किती?

धोका इंजिनाच्या पोलादाला कमी आणि त्याच्यापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या भागांना जास्त असतो. इथेनॉल काही प्रकारचे जुने रबर फुगवते किंवा कडक करते. होज पाइप, ओ-रिंग, गॅस्केट, कार्ब्युरेटरमधले सील हे आधी थकतात. पाण्याचा अंश आला की टाकीचा पत्रा, पितळ आणि ॲल्युमिनियमच्या भागांना गंज धरू शकतो. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते. तो फिल्टरमध्ये अडकतो आणि गाडी मिसिंग करू लागते.

सरकारचे म्हणणेही येथे नोंदवले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांची पहिल्या एक लाख किलोमीटरपर्यंत, दर दहा हजार किलोमीटरला चाचणी घेतली असता शक्तीत किंवा इंधनवापरात लक्षणीय फरक आढळला नाही, असे मंत्रालय सांगते. त्याच खुलाशात, काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातात, असेही मान्य केले आहे. ई-२० वापरल्याने विमा रद्द होतो ही चर्चा मंत्रालयाने फेटाळली. वॉरंटीचे आश्वासन मात्र जुन्या गाडीच्या कामाचे नाही, कारण तिची वॉरंटी केव्हाच संपलेली असते. होज बदलण्याचा खर्च मालकाचाच.

दुचाकीवाल्यांनी काय पाहावे?

आपल्या जिल्ह्यात खरा प्रश्न मोटारींपेक्षा मोटारसायकलींचा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण थोडे वाढवले जाते. कार्ब्युरेटरला ही अक्कल नसते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून जाणारे मिश्रण ‘पातळ’ पडते. मग गाडी थंडीत लवकर सुरू होत नाही, पिकअप कमी वाटतो, इंजिन अधिक तापते. २०२० मध्ये बीएस-६ नियम येईपर्यंत बहुतेक साध्या दुचाकी कार्ब्युरेटरवरच होत्या. शेतावर जाणारी, दूध घालणारी, शाळेत सोडणारी गाडी हीच. मेकॅनिककडून कार्ब्युरेटर साफ करून मिश्रणाचा स्क्रू जुळवून घेतला, तर बराच त्रास कमी होतो.

पावसाळ्यात अधिक काळजी का?

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते स्वतःत सामावते, पण प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल वर तरंगते आणि पंप तळाचेच ओढतो. गाडी रस्त्यात बंद पडते. जी गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी असते, तिला हा धोका जास्त. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी करू नये आणि झाकणाचे रबर फाटले असेल तर लगेच बदलावे.

शेतकऱ्याच्या फायद्याचे काय?

याच जिल्ह्यात नाण्याची दुसरी बाजूही उभी आहे. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड या भागांत गोदावरी आणि जायकवाडीच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. साखर पडून राहिली की कारखान्यांकडून बिले रखडतात. इथेनॉलमुळे कारखान्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. मक्यालाही मागणी आली. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचल्याचा मंत्रालयाचा दावा आहे. हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो पावसावर टांगलेला आहे, हेही ७ डिसेंबर २०२३ रोजी दिसले. पाऊस कमी झाल्याने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने तेव्हा अचानक निर्बंध आणले होते.

शिवाय शेतकरी आणि वाहनमालक ही येथे दोन वेगळी माणसे नाहीत. ऊस घालणाराच त्याच पैशातून जुनी मोटारसायकल किंवा सेकंडहँड मोटार चालवतो, आजारी माणसाला नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेतो. त्याला एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने नकळत काढून घेऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

इतर देशांनी काय केले?

ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे १९७५ पासून हा कार्यक्रम आहे, अनेक वर्षे २७ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण मिळते. पण तिथे २००३ पासून कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आल्या आणि पंपावर पेट्रोल व इथेनॉल शेजारी-शेजारी, वेगळ्या दराने मिळते. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरायचे, हा तिथल्या ग्राहकाचा ठोकताळा आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ वेगळे ठेवले आणि आपली गाडी चालेल का हे ऑनलाइन तपासण्याची सोय दिली. अमेरिकेत ई-१५ च्या पंपावर ठळक सूचना असते. देश वेगळे, पण ग्राहकाला सांगून आणि पर्याय देऊन पुढे जाण्याची रीत सारखी.

आपल्याकडे हीच मागणी घेऊन एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट सूचना, अशी तिची मागणी होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचा मार्ग तेथे बंद झाला, तरी धोरण सुधारण्याचा मार्ग सरकारपुढे खुलाच आहे.

मग काय व्हायला हवे?

पहिले, प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. दुसरे, प्रत्येक कंपनीने आपल्या जुन्या मॉडेलनिहाय कोणते भाग बदलायचे आणि त्यांची किंमत किती, याची यादी जाहीर करावी. तिसरे, दराचा प्रश्न. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा दर नेहमीच्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल, ही शिफारस नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे. इथेनॉलची खरेदी आता लिटरला सरासरी ७१ रुपयांवर गेली असून ते पेट्रोलपेक्षा महाग पडते, असे सरकार म्हणते. तसे असेल तर करात सवलत द्यावी. परकीय चलन वाचल्याचा लाभ देशाला आणि वाढलेल्या लिटरचा भार वाहनमालकाला, ही वाटणी न्यायाची नाही. चौथे, ज्यांच्या गाड्या ई-१० च्या आहेत, त्यांच्यासाठी निदान तालुक्याच्या ठिकाणी एका पंपावर काही वर्षे ई-१० मिळावे.

तोपर्यंत आपण काय करायचे?

एकदा ई-२० भरले म्हणून गाडी बिघडली, असे होत नाही. टाकी रिकामी करण्याची किंवा घाईने गाडी विकण्याची गरज नाही. ‘इथेनॉल काढून टाकतो’ म्हणणाऱ्या बाटलीबंद औषधांवर पैसे घालवू नका. प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉलविरहित, असेही समजू नका. त्याऐवजी पुढच्या सर्व्हिसिंगला होज, सील आणि फ्युएल फिल्टर दाखवून घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पाइपला ओल दिसत असेल, तर गाडी तेथेच थांबवून आधी गळती काढा, कारण तिथे प्रश्न ॲव्हरेजचा नसून आगीचा आहे. टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचे किलोमीटर लिहून ठेवा आणि असे तीन-चार वेळा करा. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर चाचणी, घनता आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पावती जपून ठेवा.

जुनी गाडी हा परभणीत हौसेचा विषय नाही. अनेक घरांत ती एकच असते आणि ती चालली तरच दिवस चालतो. तिच्या टाकीत काय भरले जात आहे, हे तिच्या मालकाला स्पष्ट सांगणे हे सरकारचे आणि तेल कंपन्यांचे साधे कर्तव्य आहे.