कारेगावचा शिपाई नकाशावर कुठे ठेवायचा?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार मेली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आज कोणालाही पाहता येतात: नाव, नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि नशीब असेल तर बापाचे नाव, गाव, जिल्हा. या गावांना अक्षांश-रेखांश जोडून ठिपके तारखेच्या क्रमाने उमटू दिले, की गावांवरून युद्ध कसे सरकत गेले ते दाखवणारा चलत्-नकाशा तयार होतो. पंजाबात याची पायाभरणी झाली आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या, गावनिहाय लिहिलेल्या रजिस्टरांमधील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम ब्रिटनमधील पंजाबी वारसा संस्था आणि ग्रीनिच विद्यापीठाने हाती घेतले आणि २०२१ मध्ये पहिला टप्पा खुला केला. पुणे जिल्ह्यानेही असा नकाशा करावा. मात्र ठिपका कुठे ठेवायचा याचा शेवटचा शब्द संगणकाचा नको, गावाचा हवा.

नकाशा हवा कशाला, यादी आहेच की, असे कोणी म्हणेल. पण यादीत न दिसणाऱ्या गोष्टी नकाशावर दिसतात. मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ होते आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत रक्तपात झाला. ७ डिसेंबरला कुत येथे या डिव्हिजनला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांतले अनेक पुढे कैदेत मेले. अशा नोंदी नकाशावर महिन्यामहिन्याने उमटल्या, तर लढाई संपल्यावरही कोणत्या गावांत मरणाच्या वार्ता येत राहिल्या हे कळेल. नकाशावरची रिकामी जागाही बोलेल. कोरेगाव भीमाच्या लढाईच्या जयस्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरली, त्या महार समाजाला पुढे लष्कराचे दार बंद झाले. ते उघडावे म्हणून समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला. १११वी महार पलटण उभी राहिली ती थेट १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. म्हणजे १९१४-१५ मध्ये महारवाड्यांवर ठिपके नसतील, तर त्याचे कारण भरतीच्या धोरणात आहे. नकाशा करणाऱ्याने ते तिथेच लिहिले पाहिजे.

खरी अडचण ठिपका ठेवताना येते. शिरूर तालुक्यातलेच उदाहरण घ्या. या एका तालुक्यात कारेगाव आहे आणि कोरेगाव भीमाही आहे. रोमन लिपीत दोघांत एका स्वराचा फरक. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या हातून तो सहज उलटसुलट होतो. श्रीरामपूर तालुक्यात आणखी एक कारेगाव आहे, साताऱ्यात तर कोरेगाव हा अख्खा तालुकाच आहे. ‘शिरूर’ वाचून निर्धास्त व्हावे, तर बीडमध्ये शिरूर कासार आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. पलटणीच्या नावावरूनही गाव ठरत नाही, कारण मराठा पलटणींत कोकण आणि साताऱ्याचे पुष्कळ लोक होते. संगणकाला नाव दिले की तो काहीतरी उत्तर देतोच. ‘मला ठाऊक नाही’ असे तो आपणहून क्वचितच म्हणतो. शिवाय उत्तर मिळते ते आजच्या गावाचे. आजचे कारेगाव म्हणजे रांजणगाव एमआयडीसीचे शेजार आणि पुणे-नगर रस्त्याची वर्दळ. शिपाई जिथून निघाला ते गावठाण आणि शिवार वेगळे. खाली भीमेच्या काठी इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात गेले आणि तेच नाव नव्या वसाहतीला मिळाले. कोरेगावच्या लढाईचा जयस्तंभही कोरेगावात नाही, तो नदीपलीकडे हवेली तालुक्यातल्या पेरण्याच्या हद्दीत आहे. नाव एकीकडे आणि जागा दुसरीकडे, हे आपल्याकडे नवे नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की ही लढाई साम्राज्याची होती, तिचा गौरव आपण का करायचा? गौरव करूच नये. कोणत्या गावाने किती किंमत मोजली हे दाखवणे म्हणजे गौरव नव्हे, उलट साम्राज्याला मागितलेला तो हिशेब आहे. अनेक गावांत ब्रिटिशांनी लावलेल्या पाट्यांवर किती माणसे गेली आणि किती मेली एवढाच आकडा आहे, नावे नाहीत. आकड्यावर समाधान मानायचे, हीच साम्राज्याची दृष्टी होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नोंदीच अपुऱ्या असतील तर नकाशा दिशाभूल करील. युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीनेच २०२१ मध्ये कबूल केले, की आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावे कोरलीच गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. सुबक हलता नकाशा ही उणीव झाकू शकतो, कारण डोळ्यांना ठिपका खरा वाटतो. पण म्हणून नकाशाच करू नये असे होत नाही. तो कच्चेपणासकट दाखवावा. गाव नक्की असेल तर भरीव ठिपका, फक्त तालुका कळत असेल तर तालुकाभर फिकट छटा, आणि काहीच जुळत नसेल ती नावे नकाशाशेजारी स्वतंत्र यादीत. चुकीच्या गावावर बसलेला ठिपका एका घराचा माणूस हिरावतो आणि दुसऱ्या गावाला खोटा वारसा देतो. त्यापेक्षा फिकट छटा बरी.

यासाठी फार पैसा लागत नाही. नकाशे काढण्याची मोफत सॉफ्टवेअर आहेत. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, जुन्या जनगणनांच्या गावयाद्या आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे हाताशी आहेत. महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नोंदीसमोर संभाव्य गावे लिहावीत आणि त्या याद्या ग्रामपंचायतींकडे पाठवाव्यात. आडनाव कोणत्या वाडीचे, भावकी कुठून कुठे सरकली, गावठाण कधी हलले, हे ग्रामसभेत बसलेल्या जाणत्या माणसांना आणि तलाठ्याच्या दप्तराला ठाऊक असते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ही नावे वाचून दाखवावीत, हरकती लिहून घ्याव्यात आणि मगच ठिपका भरीव करावा. जमिनीच्या फेरफाराला आपण हरकतीची मुदत देतो, मग माणसाच्या नोंदीला का देऊ नये?